नर्सरी मिळाली म्हणजे शाळा मिळाली असं नाही

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून लंडनला, हाउन्स्लोमध्ये आलो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, मी सध्या घरीच असते. लेक येत्या मार्चमध्ये तीन वर्षांची होईल. घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर एक सरकारी इन्फंट अँड नर्सरी स्कूल आहे. मैलभर लांब एक प्रायमरी स्कूल आहे. तिला ऑफस्टेडचं, म्हणजे इथल्या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं, ‘आउटस्टँडिंग’ आहे आणि आमच्या ओळखीची दोन-तीन मराठी कुटुंबं त्या शाळेसाठी घर बदलून तिकडे गेली. नवरा म्हणतो आपणही जाऊ, नाहीतर तिथे राहणाऱ्या मित्राचा पत्ता फॉर्मवर टाकू. जवळच्या शाळेत मुलं नुसती चिखलात खेळतात, हे मी साताऱ्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं आणि माझीच पंचाईत झाली. पोरीला अजून एबीसीडी येत नाही, हे त्या रोज ऐकवतात. तिला मराठीशिवाय काही बोलता येत नाही हेही खरं. आत्ता जवळच्या नर्सरीत घातलं तर पुढचं सगळं त्याच शाळेत आपोआप होईल ना? की प्रायव्हेट नर्सरी बघू? आणि घरी इंग्रजी बोलायला सुरुवात करू का?
लेकीची आई, हाउन्स्लो

उत्तर:

‘आपोआप होईल ना’ याचं उत्तर आधी देते, कारण दर वर्षी कुणीतरी मराठी आई एप्रिलमध्ये रडवेली होऊन हाच प्रश्न विचारते. नाही, आपोआप होत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेची नर्सरी आणि त्याच शाळेतलं रिसेप्शन, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, या दोन वेगळ्या ॲडमिशन आहेत. नर्सरीचा फॉर्म बहुतेक ठिकाणी थेट शाळेच्या ऑफिसात द्यायचा असतो. रिसेप्शनचा अर्ज मात्र तुम्ही राहता त्या भागाच्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, जातो, आणि वर्षभर त्याच इमारतीत, त्याच खुंटीला कोट अडकवणाऱ्या मुलीलाही नव्याने रांगेत उभं राहावं लागतं. तुमची लेक मार्चची. म्हणजे चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात तिचं रिसेप्शन सुरू होईल आणि त्याचा अर्ज त्याच वर्षीच्या १५ जानेवारीच्या आत गेला पाहिजे. तेव्हा ती चारचीही झालेली नसेल. पुण्यात आपण ज्युनियर केजीला घातलं की दहावीपर्यंत डोकं बाजूला ठेवतो, तसं इथे नाही. ही तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

आता कौन्सिल जागा कशी देते ते सांगते, कारण तुमच्या यजमानांचे दोन्ही बेत त्यावरच अडतात. सरकारी शाळेत मुलाखत नाही, फी नाही, डोनेशन नाही, आईवडिलांची पदवीही कुणी विचारत नाही. विशेष गरजा असलेल्या ज्या मुलासाठी आखलेल्या सरकारी आराखड्यात शाळेचं नाव लिहिलेलं असतं, त्याला जागा द्यावीच लागते. त्यानंतर अर्ज जागांपेक्षा जास्त असतील तर ठरलेल्या क्रमाने निवड होते. आईवडिलांऐवजी कौन्सिलच्या सांभाळात असलेली किंवा पूर्वी असलेली मुलं पहिली. मग साधारणपणे त्याच शाळेत असलेल्यांची भावंडं, आणि मग घराचं अंतर. चर्चच्या शाळांचे नियम निराळे असतात, काही ठिकाणी ठरावीक हद्दही आखलेली असते, पण तुमच्यासारख्या पहिल्याच मुलाच्या पालकांचा निकाल बहुतेक वेळा अंतरावर लागतो. हे अंतर पुष्कळ कौन्सिलं नकाशावर सरळ रेषेत मोजतात, तुम्ही बसने किती वेळात पोचता त्याला किंमत नाही.

म्हणून शाळा निवडताना पहिला आकडा बघायचा तो हा: गेल्या वर्षी त्या शाळेत अंतरावर मिळालेली शेवटची जागा किती लांबच्या मुलाला गेली? कौन्सिलच्या ॲडमिशनच्या माहितीपुस्तिकेत तो बहुधा छापलेला असतो. शक्य असेल तर आधीच्या दोन-तीन वर्षांचेही आकडे काढा, कारण ज्या वर्षी भावंडं जास्त येतात त्या वर्षी ते अंतर एकदम आखडतं. तुमच्या मैलभर लांबच्या शाळेत तो आकडा अर्ध्या मैलाच्या आत असेल, तर आजच्या घरातून ती शाळा तुमच्यासाठी जवळजवळ नाहीच. दीड-दोन मैल असेल, तर घर बदलायची गरजच नाही. दोन्हीकडून पाहिलं तरी ट्रक बोलवायच्या आधी एक पान वाचायचं आहे, एवढंच.

ओळखीच्या कुटुंबांचं ऐकून धसका घेऊ नका. लंडनमध्ये गेली काही वर्षं प्राथमिक शाळांत मुलं कमी होत चालली आहेत. काही शाळांनी तुकड्या बंद केल्या, काहींनी जागाच कमी केल्या. देशभरात प्राथमिकसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांना पहिल्या पसंतीची शाळा मिळते. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी मारामारी केली त्यांचे अनुभव खरे आहेत, पण ते तेव्हाचे आहेत.

लंडनमध्ये फॉर्मवर सहा शाळांची नावं देता येतात. इथे आपली माणसं डोकं लढवतात आणि फसतात. ‘पहिली पसंती दिली नाही तर शाळा चिडेल’, ‘एकच नाव टाकलं की त्यांना द्यावीच लागते’, असल्या गोष्टी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. दोन्ही खोट्या. तुम्ही कितवी पसंती दिली आहे यावर शाळेला मुलं निवडताच येत नाहीत. प्रत्येक शाळेच्या यादीत तुमचा नंबर नियमाप्रमाणे लागतो, आणि ज्या-ज्या शाळांत तो बसतो त्यांतली तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेली शाळा कौन्सिल देते. म्हणून मनात जो क्रम असेल तोच लिहा. मात्र सहापैकी एक तरी शाळा अशी ठेवा की अंतर बघता ती मिळणारच. एकच नाव टाकलं आणि ते हुकलं, तर उरलेल्या जागांतून कौन्सिल देईल ती शाळा. ती तीन बस बदलून असू शकते.

मित्राचा पत्ता टाकायचा बेत इथेच सोडा. कौन्सिल हे कौन्सिल टॅक्सच्या नोंदीवरून ताडून बघतं, भाडेकरार मागतं, आणि खोटा पत्ता देऊन मिळवलेली जागा काढून घेऊ शकतं. तोवर सगळ्या जवळच्या शाळा भरलेल्या असतात. भाड्याने राहता म्हणून तुम्ही कुठे कमी पडत नाही, तुमचा भाडेकरार हा पुरेसा पुरावा आहे. जिथे राहता तोच पत्ता लिहा.

आता ‘आउटस्टँडिंग’कडे वळू. कुंपणावर लावलेला तो फलक कधीचा आहे, हे कुणी बघितलंय का? २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग ठरलेल्या शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती. कित्येक शाळांकडे वर्षानुवर्षं निरीक्षक फिरकलेच नाहीत, मुख्याध्यापिका बदलल्या, शिक्षक बदलले, फलक तसाच राहिला. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना सगळ्याचा मिळून एकच शेरा देणं ऑफस्टेडने बंद केलं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या पद्धतीचं प्रगतिपुस्तक आलं, त्यात हजेरी, शिकवणं, मुलांची वागणूक, विशेष गरजांच्या मुलांची सोय अशा बाबींवर वेगवेगळे शेरे असतात. तेव्हा दोन्ही शाळांचे अहवाल उतरवून घ्या, आधी तारीख वाचा, मग लहान मुलांच्या वर्गांबद्दलचा मजकूर वाचा. पाच-सहा पानं असतात, लेक दुपारी झोपली की वाचून होतील. अहवालात ‘नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना’ कशी मदत होते यावर दोन ओळी असल्या, तर त्या दोन ओळी तुमच्यासाठी कुंपणावरच्या शब्दापेक्षा जास्त कामाच्या.

इन्फंट म्हणजे काहीतरी अपुरी शाळा आणि प्रायमरी म्हणजे पूर्ण, असा सूर तुमच्या पत्रात मला लागला. इन्फंट स्कूलमध्ये रिसेप्शन, पहिली आणि दुसरी, म्हणजे चार ते सात वयाची मुलं असतात. मग तिसरीपासून सहावीपर्यंत ज्युनियर स्कूल. प्रायमरीत हे सगळं एकाच छपराखाली. सरकारी सहावीच्या परीक्षेचे निकाल प्रायमरीला आणि ज्युनियरला असतात. इन्फंटला सहावीच नाही, दुसरीच्या परीक्षाही आता ऐच्छिक आहेत, त्यामुळे शाळांच्या क्रमवारीच्या वेबसाइटवर इन्फंटपुढे काहीच दिसत नाही. काही दिसत नाही म्हणजे शाळा कमी, असा अर्थ लोक काढतात. मला स्वतःला इन्फंट शाळा आवडतात. सगळ्यात मोठं मूल सात वर्षांचं असतं, बाकं, संडास, मैदान, जेवणाचा हॉल सगळं त्या उंचीचं, आणि मुख्याध्यापिकेच्या डोक्यात सहावीचा निकाल घोळत नसतो. बुजऱ्या मुलांना तिथे लवकर पाय फुटतात.

इन्फंटची खरी अडचण दुसरीच आहे. दुसरीत असताना ज्युनियरसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, पुन्हा १५ जानेवारीच्या आत. शेजारची ज्युनियर स्कूल आपल्या इन्फंटच्या मुलांना प्राधान्य देते का, आणि मागे-पुढे धाकटं भावंड झालं तर एक मूल इथे आणि एक तिथे असताना ‘भावंड’ हा नियम दोन्ही शाळांना मिळून लागतो का, हे आत्ताच विचारून घ्या. ज्युनियरच्या प्रवेश धोरणात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या ज्युनियरचा अहवालही वाचा, कारण सातव्या वर्षी लेक तिथेच जाणार आहे.

कागद झाले की शाळा डोळ्यांनी बघा. मी इथल्या एका शाळेत रिसेप्शनच्या वर्गात मदतनीस आहे, त्यामुळे पालकांना फिरवतात तेव्हा काय दाखवतात ते मला चांगलं ठाऊक आहे. भिंतीवरचं रंगीत काम, नवीन टॅब्लेट, लायब्ररी. ते बघा, कौतुक करा आणि मग मोठी माणसं कुठे आहेत ते बघा. उभी राहून एकमेकींशी बोलताहेत की जमिनीवर गुडघे टेकून मुलांत बसली आहेत?

आमच्या नर्सरीत परवा एक मुलगा आला, घरी तमिळ बोलणारा. सकाळी मुलं आपापल्या नावाची चिठ्ठी शोधून फळ्यावर लावतात. याने चिठ्ठी लावली आणि तो सिंकपाशी जाऊन उभा राहिला, नळाकडे नुसतं बोट करून. बाई त्याच्या शेजारी खाली बसली, कपात पाणी घेतलं, ‘वॉटर’ म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणायला लावलं नाही, ‘से वॉटर’ नाही, काही नाही. त्याने पाणी प्यायलं, कप परत दिला, मग तिने ‘मोअर वॉटर?’ विचारलं. मान हलली. एवढाच धडा. तुम्ही गेलात त्या सकाळी असं काहीतरी दिसलं तर समजा की शाळा बरी आहे. एखादं मूल रडत असेल तर तेही थांबून बघा. त्याच्याकडे कोण जातं, किती वेळात जातं. बाहेरचं दार उघडं आहे का, पावसातही मुलं बाहेर जातात का, त्यांच्यासाठी गमबूट आणि रेनकोट टांगलेले आहेत का. आणि तुमच्या लेकीचं नाव विचारून ते नीट उच्चारायचा प्रयत्न करतात का, की लगेच ‘शॉर्ट नेम काय?’ म्हणतात, हेही कळेलच.

मैलभर लांबच्या शाळेलाही तसंच चालत जाऊन या, तेही लेकीला सोबत घेऊन. डिसेंबरात सव्वातीनला शाळा सुटते तेव्हा अंधारून आलेलं असतं आणि अंगावर बारीक पाऊस पडत असतो. चार वर्षांचं मूल तेव्हा दमलेलं, भुकेलेलं असतं आणि ‘उचल’ म्हणतं. हा मैल वर्षाला ३८ आठवडे, दिवसातून दोनदा, आणि सोडून परत घरी यायचं तर तुमच्यासाठी चारदा.

सासूबाईंच्या चिखलाबद्दल. इंग्लंडमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एकच सरकारी अभ्यासक्रम आहे, नर्सरीही त्यातच आणि रिसेप्शनही त्यातच. त्यात बोलणं-ऐकणं, शरीर वापरणं आणि माणसांत मिसळणं या गोष्टी पायाच्या मानल्या आहेत, वाचन आणि गणित त्यांच्यावर उभं राहतं. चिखलाच्या स्वयंपाकघरात जुन्या पातेल्यात माती-पानं ढवळणारं मूल ‘भरलं’, ‘सांडलं’, ‘अजून दोन’ हे हातांनी शिकत असतं, आणि पळी धरून धरून मनगटात पेन्सिलीचं बळ येतं. पुढे रिसेप्शनमध्ये वाचन शिस्तीत सुरू होतंच. ते एबीसीडीच्या नावांनी होत नाही, ध्वनींनी होतं: स्, ॲ, ट्, प् असे आवाज आधी, मग ते जोडून शब्द. पहिलीत त्याची ४० शब्दांची सरकारी तपासणीही असते. म्हणून घरी ‘ए फॉर ॲपल’ घोकून घेतलंत तर बिघडत काही नाही, पण फायदाही फारसा नाही.

आणि सासूबाईंना हे परकं वाटायचं कारण नाही. ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना बरोबर घेऊन बालवाड्या चालवल्या. शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच तिथली साधनं होती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. इकडे लंडनच्या डेप्टफर्डमध्ये रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बागेत, उघड्या हवेत नर्सरी सुरू केली. आजच्या सरकारी नर्सऱ्यांचं ते एक मूळ. साताऱ्याच्या सासूबाईंना कोसबाड सांगा, डेप्टफर्ड सांगायची गरज पडणार नाही. त्यांना नातीसाठी काही करायचंच असेल तर रोज फोनवर एक गोष्ट सांगू द्या, कावळ्या-चिमणीची चालेल. गोष्ट ऐकून ‘मग काय झालं?’ विचारणाऱ्या मुलीला शाळेत अर्धं काम सोपं जातं.

यातच तुमच्या भाषेच्या प्रश्नाचं उत्तर आलं. घरी मराठीच बोला. अर्धवट इंग्रजीत ‘बेटा, शूज घाल, वी आर गोइंग’ असं तर मुळीच नको. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा तिच्यावर बसवतं. नर्सरीने मुलांच्या घरच्या भाषेला खेळात आणि शिकण्यात वाव द्यावा, हे सरकारी नियमांतच लिहिलेलं आहे. पहिले काही आठवडे, कधी काही महिने, ती शाळेत तोंडच उघडणार नाही. घाबरू नका, ती ऐकत असते. मग एक दिवस घरी बाहुल्यांना रांगेत बसवून बाईंच्या ठेक्यात इंग्रजी सुरू होतं. फॉर्मवर ‘घरची भाषा’ विचारतील तिथे मराठी लिहा. यादीत सापडत नाही म्हणून कितीतरी जण हिंदी लिहून मोकळे होतात, मग शाळा हिंदी बोलणारी बाई शोधून आणते आणि मूल तिच्याकडे टकामका बघत बसतं.

इंग्रजीपेक्षा आधी शिकवायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, आणि त्या आपल्या घरांत हमखास राहून जातात. एक, संडासला गेल्यावर कागदाने पुसणं. आपली मुलं पाण्याने धुवायला शिकलेली असतात, शाळेच्या संडासात पाण्याचा मग नसतो, आणि मूल लाजून दिवसभर अडवून धरतं. आत्तापासून घरी थोडा सराव करा. दुसरं, स्वतःच्या हाताने जेवणं. भरवायला तिथे कुणी येणार नाही. तिसरं, कोट घालणं-काढणं आणि ‘टॉयलेट’, ‘वॉटर’, ‘हेल्प’, ‘स्टॉप’ हे चार शब्द. एवढं आलं की तिचं भागतं.

डब्याचं एक. बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणि काजू-बदामांना सक्त मनाई असते, कारण एखाद्या मुलाला त्याची जिवावरची ॲलर्जी असू शकते. म्हणजे शेंगदाण्याचा लाडू नाहीच, पण कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि कोशिंबीरही नाही. रिसेप्शनपासून दुसरीपर्यंत सरकारी शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट मिळतं, २०१४ पासून, आणि शाकाहारी पर्याय असतो. लंडनमध्ये तर २०२३ पासून सहावीपर्यंत. नर्सरीच्या मुलांना मात्र ते सरसकट लागू नाही. बीफ चालत नसेल, जिलेटिनच्या गोळ्या चालत नसतील, तर फॉर्मवर स्वच्छ लिहून द्या, कुणाला राग येत नाही.

आता प्रायव्हेट की शाळेची नर्सरी. तीन वर्षं पूर्ण झाली की त्यानंतरच्या टर्मपासून प्रत्येक मुलाला वर्षाचे ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास फुकट मिळतात. तुमच्या मार्चच्या लेकीला ते एप्रिलपासून लागू. आईवडिलांचा व्हिसा कुठला, याचा त्याच्याशी संबंध नाही. सरकारी शाळेतलं शिक्षण व्हिसावरच्या ‘पब्लिक फंड्स’च्या, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या, बंदीत मोडत नाही, तेव्हा ती भीतीही नको. १५ ऐवजी ३० तासांची योजना मात्र दोघंही कमावते असतील त्यांच्यासाठी आहे, आणि दोघांपैकी किमान एकाला पब्लिक फंड्सची मुभा असावी लागते. तुम्हाला ती आज तरी मिळणार नाही.

तुम्ही घरी आहात, त्यामुळे शाळेच्या नर्सरीचे रोजचे तीन तास तुम्हाला सोयीचे पडतात. शिक्षिका पात्र असते, मुलं पुढच्या वर्षीच्या वर्गसोबत्यांत मिसळतात, आणि तुम्हालाही दारात चार आया भेटतात. शिक्षिका असलेल्या वर्गात तीन वर्षांपुढच्या १३ मुलांमागे एक मोठं माणूस चालतं, एरवी आठांमागे एक लागतं, म्हणून काही प्रायव्हेट नर्सऱ्यांत हात जास्त दिसतात हे खरं. पण तीन तासांसाठी त्याचे पैसे मोजावेत असं तुमच्या पत्रात मला काही दिसलं नाही. उद्या तुम्ही नोकरी धरलीत तर हिशोब बदलेल. तेव्हा सकाळचा ब्रेकफास्ट क्लब, शाळेनंतरचा क्लब किंवा चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी बाई, बघावी लागेल, आणि त्या क्लबांत नर्सरीच्या मुलांना घेतात का हे आधी विचारावं लागेल. काही शाळा फक्त सप्टेंबरात नर्सरीत घेतात, काही जानेवारी-एप्रिललाही. याच आठवड्यात ऑफिसला फोन करून एप्रिलची जागा आहे का विचारा, नाहीतर सप्टेंबरसाठी नाव नोंदवा. मुलीचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट आणि भाडेकरार हाताशी ठेवा.

तेव्हा माझं मत: घर बदलू नका. जवळच्या इन्फंटच्या नर्सरीत घाला. शाळा बघून आल्यावरही बरी वाटली आणि शेजारच्या ज्युनियरचं उत्तर समाधानकारक मिळालं, तर रिसेप्शनच्या फॉर्मवर तीच पहिली लिहा, लांबची दुसरी लिहायला हरकत नाही. निकाल १६ एप्रिलला येतो, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. मनासारखी शाळा नाही मिळाली तरी मिळालेली जागा आधी स्वीकारा, त्याने वेटिंग लिस्टवरचा तुमचा नंबर मागे जात नाही, आणि ती यादी निदान डिसेंबरअखेरपर्यंत चालू ठेवावीच लागते. अपिलाच्या मागे मात्र फार लागू नका. लहान वर्गात एका शिक्षिकेमागे ३० मुलं ही १९९८ च्या कायद्याची मर्यादा आहे आणि ती मोडून जागा मिळणं फार विरळा.

साताऱ्याच्या तिकिटांचंही सांगून ठेवते, कारण तुम्ही विचारलं नसलंत तरी वेळ येणारच. नर्सरीत असताना लग्नकार्याला आठ-दहा दिवस गेलात तर दंड होत नाही, शाळेला कळवलं की झालं. पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या टर्मपासून शाळा सक्तीची होते. मग परवानगीवाचून शाळेचे पाच दिवस बुडाले की आईला ८० पौंड आणि वडिलांना ८० पौंड असा दंड बसू शकतो, २१ दिवसांत भरला नाही तर दुप्पट. दिवाळीच्या दिवशी धार्मिक सण म्हणून रजा मिळते, ती मागताना संकोच करू नका. फराळ वर्गात न्यायचा असेल तर आधी विचारा, आणि चिवड्यातले दाणे काढून ठेवा.